स्कूटरखालचा दगड

बाबा गेल्याचं मला डोंगरावर कळलं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आमच्या फील्डवर्कचा तळ होता. खाली रेंज नाही, म्हणून घरी फोन करायचा तर वाऱ्याशी झगडत टेकडीच्या माथ्यावर जावं लागे. त्या दिवशी मी चढले ती बाबांना सांगायला, की नकाशाचं काम संपत आलं, आता लवकरच येते. माथ्यावर पोचताच खिशातला फोन थरथरायला लागला. धाकट्या भावाचे, अमेयचे मेसेज एकामागोमाग एक येत होते आणि मी नेमका शेवटचा आधी वाचला... 'ताई, सगळं आटोपलं. दहाव्याच्या आत ये.' मला रडू आलं नाही, राग आला. माझ्यासाठी थांबता आलं नाही का? मग बाकीचे मेसेज वाचले. अमेय आदल्या दिवसापासून फोन लावत होता.

बाबा भोपाळला कारखान्यात फोरमन. आम्ही दोघं कारखान्याच्या वसाहतीत, पिपलानीच्या क्वार्टरमध्येच वाढलो. मी भूशास्त्र घेतलं तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली, पण बाबा खूश. "आमच्या घरात पाथरवट जन्मलीय," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पहिल्याच वर्षी मी गावाबाहेरच्या टेकडीवरून तांबड्या वालुकाश्माचा एक तुकडा आणला. कधीकाळच्या उथळ पाण्यातल्या लाटांचे वळ त्यावर जसेच्या तसे उमटलेले. कौतुकाने खिडकीत ठेवला, तर दुसऱ्या दिवशी तो बाबांच्या स्कूटरच्या चाकाखाली. आमच्या दारापुढे उतार आणि स्कूटरचं स्टँड ढिलं.

"बाबा, माझं सॅम्पल आहे ते."

"असू दे की. नुसतं बसून काय करणार ते? कामाला लावलं."

तेव्हापासून तो दगड कामालाच लागला. निघताना बाबा तो उचलून डिकीत टाकत आणि पोचले की पुन्हा चाकाखाली सारत.

गंमत म्हणजे स्कॉटलंडलाही तसलाच तांबडा खडक निघाला, तसलेच वळ. दिवसभर पावसात भिजून, हातोड्याने बोट ठेचून घेऊन, चिलटांनी फोडलेलं तोंड घेऊन मी टेकडीवर चढले आणि त्यांना हे उत्साहाने सांगितलं, तर म्हणाले, "अगं, मग एवढ्या लांब कशाला गेलीस? सिटी बसने जाऊन आली असतीस." मग पुढे, "येताना एक आण. दोघांना शेजारी ठेवू." तेच आमचं शेवटचं बोलणं.

मी पोचले ती दहाव्याच्या आदल्या दिवशी. आईने नुसतं अंगणाकडे बोट केलं. पेरूच्या झाडाखाली जीवखडा ठेवला होता. चितेभोवती फिरताना पाण्याच्या मडक्याला ज्या दगडाने भोक पाडतात, तो हा. दहाव्यापर्यंत त्यालाच गेलेलं माणूस मानून पाणी द्यायचं, मग नदीत सोडायचं. बाबांचा चेहरा मला बघायला मिळाला नव्हता, निदान हा तरी बघू म्हणून वाकले... आणि वळ दिसले.

मागे अमेय उभा होता. "विश्रामघाटावर चितेपाशी सब सिमेंटच होतं ना, ताई. गुरुजी म्हणाले, दगड आणा. मला काही सुचेना. बाबांचीच स्कूटर नेली होती, डिकीतला काढून दिला. गलत केलं का मी?"

नाही रे, म्हटलं. पण मला तो दगड हवा होता, फार हवा होता. तांबड्या दगडांना भोपाळात काय तोटा? दुसरा ठेवून हा लपवला असता तर कुणाला कळलं असतं? संध्याकाळभर हेच डोक्यात. पण इतके दिवस सगळ्यांनी त्यालाच बाबा म्हणून पाणी घातलं होतं. बाबांनाच कसं बदलणार?

नर्मदेवर अमेयने तो माझ्या हातात दिला. "तूच सोड, ताई." वळांवरून अंगठा फिरवला आणि सोडला. लगेच बुडाला.

स्कूटर आता अमेय चालवतो. परवा त्याने चाकाखाली वीट लावलेली दिसली. मी ती काढली. बॅगेत स्कॉटलंडचा दगड तसाच होता, बाबांसाठी आणलेला, म्हणून त्यावर सॅम्पलचा नंबर घातलेला नाही. शेजारी ठेवायला आता दुसरा नाही... कामाला लावलं त्याला.