गोळे कोणाच्या तासाला केले

हस्तकलेच्या बाईंच्या खोलीत पृथ्वी आतून बाहेर घडायची. आधी कागदाच्या कातरणाचा ओला बोळा मुठीत घेऊन दात-ओठ खाऊन दाबायचा, गोटीएवढा होईस्तोवर. "अजून दाब," बाई म्हणायच्या, "वरून एवढं ओझं आहे, तो काय पाय पसरून बसलाय होय?" हा आतला गाभा. त्याच्यावर खळीत कालवलेला लगदा, कारण बाहेरचा गाभा पातळ. मग प्रावरण, म्हणजे वर्तमानपत्राच्या पट्ट्या, मनगटं भरून येईपर्यंत. प्रत्येक थर वेगळ्या रंगानं रंगवून दोन दिवस वाळवायचा. आणि शेवटी पतंगाच्या कागदाचा एकच पदर, की झालं भूकवच. इथे दरवर्षी मुलं हिरमुसायची. डोंगर, समुद्र, शाळा, आपण, सगळे एवढ्याशा कागदावर? निदान पुठ्ठा तरी लावू ना. पुठ्ठ्याएवढी आपली लायकी नाही, असं बाई सांगायच्या आणि वाळलेला गोळा करवतीनं मधोमध कापायच्या. रंगांची वर्तुळं दिसली की सगळ्यात दंगेखोर वर्गसुद्धा क्षणभर गप्प व्हायचा.

त्या क्षणासाठी बाईंनी बारा वर्षं हाताची कातडी सोलून घेतली. ती खोली त्यांच्या हातून गेली, आणि ती घालवायला त्यांनी स्वतःच हातभार लावला.

शाळेत त्यांना आणलं नणंदेनं. नणंद भूगोल शिकवायची. घरीदारी सगळे तिला ताई म्हणत. लग्नानंतर चार वर्षं घरात बसून बाई भिंतींशी भांडायला लागल्या होत्या. ताईंनी मुख्याध्यापकांकडे शब्द टाकला आणि भावजयीला नोकरी मिळवून दिली. नवरा छापखान्यात कामाला. दर शनिवारी सायकलला कातरणाचं पोतं बांधून तो शाळेच्या मागच्या दारात टाकून जायचा. माझ्या भावानं मला कधी गजरा आणला नाही, बायकोला मात्र पोती आणतो, असं ताई शिक्षकांच्या खोलीत सांगायच्या आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायच्या.

पृथ्वीच्या अंतरंगाचा धडा ताईंनी कधी घेतलाच नाही. तेवढं तुझ्याकडे उरकून घे, म्हणायच्या. बाईंना त्यात वावगं वाटत नसे. उलट बरंच वाटे.

तपासणीच्या आठवडाभर आधी ताई घरी आल्या. चहा झाला, मुलांच्या अभ्यासाची चौकशी झाली, तरी हलेनात. मग बाईंच्या मागोमाग ओट्यापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "वहिनी, गेल्या खेपेला माझ्या विषयावर लाल शेरा पडलाय. या खेपेला पोरांनी एवढंच सांगू दे, की हे गोळे भूगोलाच्या तासाला केले."

"भूगोलाच्या तासाला?"

"तुझं काय जातंय? तुझ्या कात्री-कागदाची तपासणी कोण करतंय?"

बाईंनी कप विसळता विसळता हो म्हटलं. बारा वर्षांचं ऋण इतक्या स्वस्तात फिटत असेल तर नाही कशाला म्हणायचं?

आणि एकदा हो म्हटल्यावर बाईंना अर्धवट काम जमत नसे. त्यांनी तालीमच घेतली. एका मुलीला वर्गात सगळे रेडिओ म्हणत, कारण ती बंद होत नसे. तिला मध्ये उभं केलं, बाजूला दोघी जणी. बाई स्वतः तपासणीस झाल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, पोट पुढे काढलं. हे कुठे केलंत? "भूगोलाच्या तासाला, सर." पोपटासारखं नको, आठवल्यासारखं कर. "भूगोलाच्या तासाला, सर." आता ठीक. मान खाली घालू नकोस, खोटं वाटतं. रेडिओनं विचारलंच, पण बाई, खोटंच आहे ना? बाई म्हणाल्या, आपल्या घरच्या माणसासाठी आहे, आणि विषय मिटवला. पाचव्या खेपेला रेडिओ इतकी झकास बोलली की बाईंनी तिची पाठ थोपटली.

तपासणी सुरेख पार पडली. ताईंनी पेढ्यांचा पुडा आणला.

तीन आठवड्यांनी मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून अहवाल समोर ठेवला. शाळेतली मुलं घटली होती आणि वरून परिपत्रक होतं, की भूगोल आणि हस्तकला या दोन पदांपैकी एकच राहील. तपासणीसांनी लिहिलं होतं, भूगोलाच्या तासातच उत्तम कागदकाम होत असल्यानं हस्तकलेला वेगळा शिक्षक ठेवण्याची गरज दिसत नाही. खाली 'संबंधित शिक्षकांचे मत' असा रकाना. त्यात एकच शब्द, 'सहमत', आणि सही. ते वळणदार अक्षर बाईंनी लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर शंभरदा पाहिलं होतं.

"परिपत्रक कधी आलं?" बाईंनी विचारलं.

मुख्याध्यापकांनी फाइल उलटून तारीख दाखवली. तपासणीच्या पंधरा दिवस आधी. त्यावर ताईंची वाचल्याची सही होती. म्हणजे ताई ओट्यापाशी आल्या तेव्हा त्यांना माहीत होतं.

घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाला की तिच्यामागे दोन मुलींची शिक्षणं आहेत, तिनं तरी काय करावं. बाई म्हणाल्या, मग मला तोंडावर मागायची होती नोकरी. दिली असती की नाही कोण जाणे, पण निदान भांडता तरी आलं असतं. ही कुठली रीत, माझ्याच हातात कात्री द्यायची आणि माझाच गळा कापून घ्यायचा? त्यावर तो पाठ फिरवून झोपल्यासारखा पडला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुख्याध्यापकांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, ठीक आहे, तपासणीसांशी बोललेल्या मुलींनाच विचारू. मात्र तुम्ही मध्ये एक शब्द बोलायचा नाही. ताईंनाही बोलावलं. ताई खिडकीपाशी उभ्या राहिल्या आणि मैदानात काही चाललेलं नसताना मैदान बघत राहिल्या.

तिघी आल्या. त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी विचारलं, पृथ्वीचे ते गोळे तुम्ही कोणाच्या तासाला केलेत?

रेडिओनं बाईंकडे पाहिलं. बाई मनातल्या मनात ओरडत होत्या, पण चेहरा दगडासारखा ठेवला होता. तालमीत त्यांनीच बजावलं होतं, की मी समोर असले तरी माझ्याकडून खूण मिळायची नाही. रेडिओला ते चांगलं लक्षात होतं. तिनं मान वर केली, आठवल्यासारखं केलं आणि म्हणाली, "भूगोलाच्या तासाला, सर."

बाकीच्या दोघींनी माना डोलावल्या.

आता एकच माणूस हे फिरवू शकत होतं. बाई त्या माणसाच्या पाठीकडे बघत राहिल्या. पाठीवर ब्लाउजचं एक बटण निघालं होतं. ताई वळल्या नाहीत. मुख्याध्यापकांनी फाइल मिटली.

व्हरांड्यात ताईंनी गाठलं. "वहिनी, तुझा नवरा कमावता आहे गं. माझ्याकडे कोण आहे?" त्यांचे डोळे खरोखरच भरले होते. बाईंना त्याचाच जास्त राग आला. त्या म्हणाल्या, "तुमची गरज मी कधी नाकारली, ताई? त्या पोरीच्या तोंडून माझं घालवलंत. ते स्वतःच्या तोंडानं करायचं होतंत."

हस्तकलेच्या खोलीत तिघी वाट बघत होत्या. रेडिओ फुशारली होती.

"बाई, बरोबर बोलले ना? अजिबात अडखळले नाही."

बाई स्टुलावर बसल्या. नखांत कालची खळ अडकली होती, ती काढत राहिल्या. मग त्यांनी मुलींना सगळं सांगितलं: पद, परिपत्रक, ही खोली बंद होणार ते. चूक माझी, तुमची नाही, असंही सांगितलं. खोटं मी शिकवलं. मी शिकवलं तसं तुम्ही केलंत.

रेडिओचा चेहरा पडला. आयुष्यात पहिल्यांदाच ती अर्धा मिनिट गप्प बसली असेल. मग ताडकन उठली.

"मग मी आत्ता जाऊन खरं सांगते."

"नको."

"का पण?"

"आता खरं सांगितलंस, तर तेही मीच पढवलं म्हणतील."

रेडिओ दारापर्यंत गेली होती. तिथेच उभी राहिली, उंबऱ्यावर, ना आत ना बाहेर.