लेबल दोनदा निघेल

धम्मप्रिया सोलापुरात घरूनच काम करते. पुण्यातल्या एका कंपनीच्या लेबल प्रिंटरचा ड्रायव्हर ती लिहिते. ड्रायव्हर म्हणजे संगणकाचं म्हणणं प्रिंटरला कळवणारा प्रोग्राम. लेबल मध्येच अडकलं तर ते पुन्हा कोणी छापायचं यासाठी त्यात दोन सेटिंग होत्या. एकीत प्रिंटर स्वतःच छापायचा, दुसरीत संगणक परत पाठवायचा. दोन्ही चालू राहिल्या की तेच लेबल दोनदा निघे. म्हणून तिने पडद्यावर तसा इशारा ठेवला होता.

हे प्रिंटर वापरणारे कुरिअरवाले त्याला वैतागले. जास्तीचं लेबल ते फेकून देत, पण सारखी आडवी येणारी इशाऱ्याची खिडकी त्यांना नको होती. मॅनेजरने इशारा काढायला सांगितला. तिने थोडा वाद घातला, मग काढला.

दिवाळीनंतर शहरातल्याच एका रक्त तपासणीच्या लॅबची तक्रार आली. जवळ आहे म्हणून तिलाच पाठवलं. तिथे ऐन गर्दीत लेबल अडकून दोनदा निघालं होतं. दुसरं पुढच्या नळीवर लागलं आणि तिथून सगळीच नावं एकेक नळी सरकली. कुंभारीच्या केराबाईंना साखरेचा आजार नव्हताच. दुसऱ्याच्या रिपोर्टवरून त्यांना गोळ्या सुरू झाल्या. साखर एकदम उतरून त्या शेतात चक्कर येऊन पडल्या आणि कंबरेचं हाड मोडलं.

लेबलं लावणाऱ्या कल्लप्पाला कामावरून काढलं होतं. राहिलेला पगार न्यायला तो त्याच दिवशी दुधनीहून आला होता. धम्मप्रियाने सेटिंग उघडून दाखवल्या तेव्हा तो पडद्याजवळ वाकला.

"हे तुमाला म्हाईत हुतं म्याडम?"

"हो."

"मग मशीननं मला एकदा तरी सांगायचं की."

लॅबच्या मालकांना तिने चूक कल्लप्पाची नसल्याचं सांगून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्याच्या जागी रुपाली नावाची मुलगी आधीच रुजू झाली होती.

धम्मप्रियाने लॅबमधली एक सेटिंग बंद केली आणि हट्टाने इशारा परत घातला. महिन्याभराने ती लॅबमध्ये गेली, तर कोणीतरी दोन्ही सेटिंग पुन्हा चालू केल्या होत्या. खिडकी आली. रुपालीने नळीवरची नजर न काढता ओके दाबलं.

"काय लिहिलं होतं त्यात?" धम्मप्रियाने विचारलं.

"काय की. रोजच येतंय ते," रुपाली म्हणाली.

धम्मप्रियाने एक सेटिंग पुन्हा बंद केली, पण ती किती दिवस तशी राहील हे तिला सांगता येईना. घरी येऊन तिने कोड बदलला: दोन्ही चालू असतील तर प्रिंटरने छापायचंच नाही. मॅनेजरने तो परत पाठवला. बाकीची गिऱ्हाइकं खोळंबतील, आपण बैठकीत बोलू, एवढंच त्याने कळवलं. बैठक दोनदा पुढे गेली आहे. सेटिंग बंदच आहे ना, हे विचारायला ती अधूनमधून लॅबला फोन लावते. रुपाली कामात असते.