गेट उघडताना आईने घातलेली अट

लॉकडाऊन सैल झाला आणि घरकामाच्या बायकांना इमारतीत घ्यायचं की नाही, हे ठरवायचं काम सोसायट्यांवर येऊन पडलं. मुलुंडच्या आमच्या सोसायटीची सेक्रेटरी तेव्हा मी होते. पार्किंगमध्ये लांब लांब खुर्च्या टाकून मीटिंग घेतली.

"अजून दोन महिने गेट बंदच ठेवा. इथे म्हातारी माणसं आहेत," तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले. बऱ्याच माना डोलल्या. त्या बायकांची घरं कशी चालत असतील, हा विषय कुणी काढला नाही. खरं सांगते, मीही नाही काढला. माझ्या घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दम्याची आई होती.

मीटिंगला माझ्याबरोबर आलेली तीच नेमकी खुर्चीतून उठली. उभी हयात सरकारी इस्पितळात नर्स होती ती.

"येऊ द्या त्यांना. पण एक अट. जिला ताप येईल तिने घरी राहायचं, आणि बरी झाली की तिचं काम तिलाच. पगार कापायचा नाही. काम जाईल या भीतीनेच माणूस गोळी घेऊन ताप दाबतो आणि कामावर येतो. वॉर्डात मी हेच बघितलंय."

"आणि ती ताप तपासून आलीये की नाही, कोण बघणार?" काका.

"तुमचा मुलगा रोज ऑफिसला जातो, त्याचं कोण बघतं? अट आपल्यालाही लागू."

थोड्याच मतांच्या फरकाने ठराव पास झाला. माझा हात सगळ्यात शेवटी वर गेला.

तिसऱ्याच आठवड्यात आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींचा सकाळी फोन. "ताई, अंग तापलंय. आज येत नाय." टेस्ट पॉझिटिव्ह आली. आदल्या दिवशी त्या आमच्या स्वयंपाकघरात तासभर होत्या. पुढचे दहा-बारा दिवस मी आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावत राहिले. तीच मला म्हणायची, "घाबरतेस काय? तिने सांगितलं म्हणून तर कळलं ना!"

आईला काही झालं नाही. मावशी बऱ्या होऊन आल्या आणि त्यांची चारही घरची कामं त्यांना परत मिळाली.

पुढे एकदा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: "मुलाला ताप आहे. आम्ही कुणी बाहेर पडणार नाही. लिफ्ट पुसून घ्यावी." पाठवणारे तिसऱ्या मजल्यावरचे काका होते. मी तो आईला मोठ्याने वाचून दाखवला. त्या दिवशी मला आईचा जितका अभिमान वाटला, तितकाच आमच्या त्या भांडखोर सोसायटीचाही.