धोतऱ्याच्या मुळीला शेक

एकोणीसशे साठ साल उलटल्यानंतरच्या एका हिवाळ्यात मी पुसदच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते आणि धोतऱ्यापायी वेडी झाले होते. बाईंनी बी चाखली, असं मुलांनी पसरवलंही होतं. धोतऱ्यातून दम्याचं औषध निघतं. माझा हट्ट असा, की माती नको, पान नको. नखाएवढं मुळीचं टोक काचेच्या चंबूत, साखर आणि क्षारांच्या पाण्यात वाढवायचं आणि औषध मुळीतच तयार होतं हे दाखवायचं.

"औषध पानांत बनतं, बाई. मुळीत नुसतं साठतं," विभागप्रमुख सर म्हणत. नाताळच्या सुट्टीपर्यंत दाखवलं नाही, तर माझी कोपऱ्यातली खोली क्रिकेटच्या सामानाला जाणार होती. बहुतेक चंबू बुरशीनं खाल्ले. तीन उरले, तेही थंडीनं ढिम्म.

त्यातच बहिणीच्या लग्नाला आठ दिवस ढाणकीला जाऊन आले. खोलीचं दार उघडलं तर आत ओव्याचा धूर! प्रयोगशाळा सांभाळणारे आमचे काका टेबलाखाली शेगडी सरकवून ऐटीत बसलेले.

"काका, हे काय केलंत?"

"बारका जीव थंडीनं गारठून राह्यलता, बाई. लेकराले देतो तसा सकाळ-संध्याकाळ शेक देल्ला. त्या दोघांले पहिल्याच दिवशी जरा जास्त झाला."

दोन चंबू चक्क शिजले होते. मी इतकी कडाडले की शेजारचा वर्ग थांबला. मग टेबलाच्या टोकाचा तिसरा चंबू उचलला. आत पांढऱ्या मुळ्यांचा गुंता, शेवया उकडल्यासारखा! मी काकांच्या पाया पडायचीच काय ती बाकी होते.

मुळ्या वाळवून खलात घेतल्या तेव्हा काका कळवळले. "आत्ताच बाळसं धरलं, अन् तुमी त्याले वाटता?" पण वाटल्याशिवाय कळणार कसं? सर हाताची घडी घालून उभे. आधी नुसतं साखरपाणी तपासा म्हणाले. तपासलं, काही झालं नाही. मग मुळीचा अर्क नळीत घेतला, तपासणीच्या द्रावणाचे दोन थेंब सोडले. औषध असेल तरच साका धरणार होता. नळीत नारिंगी साका धरला, झेंडूसारखा लख्ख!

सरांनी नळी खिडकीशी नेली, हलवली, पुन्हा पाहिली. मग वही उघडली आणि काकांकडे वळले.

"निखारे किती होते? आणि चंबू किती लांब?"

काकांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. "अन् ओवा किती, तेही सांगू काय, सर?"

"सगळं सांगा," सर म्हणाले आणि लिहू लागले. मला हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझी खोली वाचली होती.