ज्वारीत लपवलेला पंप

माय, शिरूर अनंतपाळच्या स्टँडवर तू माझ्या उज्ज्वलाला पदराआड धरून उभी होतीस. टँकरमागं गाव पळत होतं, धुरळा उठला होता आणि नऊ वर्षांच्या पोरीची छाती शिट्टीसारखी वाजत होती. पावसानं दगा दिला, रानातलं काम संपलं, म्हणून आम्ही लातूर जिल्हा सोडून अर्धापूरला केळीच्या कामावर निघालो होतो. एस.टी. सुटता सुटता तू खिडकीशी येऊन बजावलंस, "दम्याचा पंप कुणाला दाखवू नको. पोरीची जात हाय. उद्या सोयरे दारातूनच माघारी जातील."

इथं रान हिरवं आहे, नळाला पाणी आहे. पण तुझा शब्द मी सोबत आणला होता. पंप आणि त्याला लावायची प्लास्टिकची नळी, स्पेसर, दोन्ही ज्वारीच्या डब्यात तळाशी पुरून ठेवली. मोठी शहाणी ना मी!

मग एका दुपारी औशाहून यांच्या बहिणीच्या सासरची माणसं आली. डबा बाहेरच्या खोलीत, त्यांच्या पाठीशी. चहा चालू असताना उज्ज्वलाला धाप लागली. "जरा सर्दी हाय," म्हणत मी तिला आत नेलं, गरम पाणी पाजलं आणि पाहुणे उठायची वाट पाहत बसले. ती एकेक शब्द तोडून बोलू लागली, मग बोलेचना. गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. ओठ निळे दिसले तशी मी बाहेर धावले आणि सगळ्यांदेखत डबा पालथा केला.

पाहुणीबाई म्हणाली, "निजवा तिला, लई थकली." मी ऐकलं नाही. ताठ बसवलं, पंप हलवला, स्पेसर तोंडाला लावला. एक दाब, सावकाश सहा श्वास. पुन्हा एक दाब. रिक्षातही तेच करत राहिले. मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून मोजत होते.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, वाफेचं औषध दिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पंप घरात होता, तर धाप लागल्या लागल्या का नाही दिलात?"

बऱ्याच वेळानं उज्ज्वला पहिलं सलग वाक्य बोलली, "आई, पाहुणे गेले का?"

माय, तू फोनवर विचारतेस, घरी कधी येतीस? तुझ्या आठवणीनं रडू येतं गं. पण ज्या घरात माझ्या लेकराला श्वास घ्यायला पाहुण्यांच्या उठण्याची वाट पाहावी लागते ते घर माझं नाही, मग ते तिथलं असो की इथलं. चारचौघांत तिच्या तोंडाला पंप लावशील एवढं सांग. उद्याची पहिली गाडी धरते.