उठता येईल असं चिलखत

नाटक कंपनीत तिला सगळे टाचणीबाई म्हणत. ओठांच्या कोपऱ्यात चार-पाच टाचण्या धरून ती दिवसभर बोलायची, रागवायची, हसायचीसुद्धा, आणि इतक्या वर्षांत एकही टाचणी तिच्या पोटात गेली नाही हे कंपनीतलं मोठं नवल होतं. रंगमंचामागे, जिन्याखालच्या लांबट खोलीत तिचं राज्य. एका भिंतीला राण्यांचे झगे, समोरच्या भिंतीला भिकाऱ्यांच्या चिंध्या, मध्ये शिलाईयंत्र आणि कोपऱ्यात लाकडी सांगाड्यावर चढवलेलं चिलखत. राण्या बदलल्या, भिकारी बदलले, चिलखतातला माणूस मात्र तोच राहिला. तो तिचा नवरा होता.

नवरा काही मोठा नट नव्हे. निवृत्त होईपर्यंत बसमध्ये कंडक्टर, आणि नाटक आपलं हौसेपुरतं. कंपनीच्या सगळ्यात चाललेल्या नाटकात तो पहारेकरी व्हायचा आणि त्याला बोलायला एक अक्षर नव्हतं. "दिवसभर 'पुढे सरका, पुढे सरका' करून घसा बसतो. इथं तरी कुणी गप्प उभं राहू देतं," असं तो म्हणायचा. पण त्या मुक्या कामात एक प्रसंग मोठा होता. तिसऱ्या अंकात राजपुत्र लढाईत मारला जातो. पहारेकरी पूर्ण चिलखतात राणीसमोर येतो, गुडघा टेकतो आणि राजपुत्राची तलवार तिच्या पायांशी ठेवतो. राणीला काय ते कळतं. मग तिचं लांबलचक भाषण, आणि तेवढा वेळ हा खाली मान घालून तसाच. शेवटी राणी म्हणते, "ऊठ." तो उठतो आणि पाठ न फिरवता, मागे पावलं टाकत निघून जातो. काम संपलं.

चिलखत खऱ्या पत्र्याचं होतं. ट्रंका बनवणाऱ्या एका कारागिराकडून करून घेतल्यामुळे त्याची छाती जरा ट्रंकेसारखीच चौकोनी झाली होती, पण लांबून शोभायची. पहिल्या प्रयोगानंतर त्याचे घामट कपडे तिच्याकडे धुवायला आले, तेव्हा बनियनच्या दोन्ही खांद्यांवर रक्ताचे डाग होते. जुन्या घोंगडीचे तुकडे कापून तिने खांद्याच्या पट्ट्यांखाली गाद्या शिवल्या. पुढच्या प्रयोगाला त्याने चिलखत चढवलं आणि दचकून विचारलं, "हे कुणी केलं?"

"कपडेखात्यानं."

"सांगितलं कुणी तुम्हाला?"

तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "रक्ताचे डाग मलाच धुवावे लागतात म्हटलं."

पुढे दोघं यालाच प्रेम म्हणायला लागली आणि रीतसर लग्नही झालं.

तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाला त्याला तीच चढवायची. आधी बूट, मग पोटऱ्यांचे पत्रे, मग मांड्यांचे, मग छाती आणि पाठ, मग खांदे. शिरस्त्राण घालण्याआधी दोन घोट पाणी. उतरवताना उलटं, वरून खाली, कारण माणसाला आधी श्वास मिळाला पाहिजे, बाकीचं सावकाश. प्रत्येक पट्ट्याखाली तिचं एक बोट जायला हवं. दोन गेली तर पट्टा सैल. हे सगळं चालू असताना घरच्या गोष्टी निघायच्या. नळ गळतोय, तुझ्या भावाचा फोन आला होता, वगैरे. मग पडद्याची घंटा झाली की तो शिरस्त्राणातून म्हणायचा, "येतो गं," जसं काही बाजारात निघालाय.

गेल्या प्रयोगात मात्र नको ते झालं. राणी म्हणाली, "ऊठ." तो उठला नाही. राणीचं काम करणारी बाई जुनीजाणती, तिने आवाज चढवून पुन्हा म्हटलं, "ऊठ, शूर वीरा!" त्याने तलवारीशेजारी जमिनीला हात टेकला, अर्धा वर आला आणि परत खाली बसला. पत्रा खडखडला. प्रेक्षकांत कुणीतरी खुदकन हसलं. शेवटी राणीने स्वतः वाकून त्याला काखेत हात घालून उठवलं, आणि मग काय, सगळं सभागृह हसलं. मुलगा मेलेल्या आईच्या प्रसंगात लोक पोट धरून हसत होते. टाचणीबाई विंगेत उभी होती. तो आत येताच तिने घाईघाईने त्याचं शिरस्त्राण काढलं.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक तिच्या खोलीत आला. माणूस वाईट नव्हता. नजर झग्यांवर ठेवून बोलला. "बाई, पुढच्या प्रयोगाआधी तालमीत बघू या. जमलं तर उत्तमच. नाहीतर त्या दुसऱ्या शिपायाला द्यावं लागेल. तो जिमला जातो."

"जाऊ दे की," ती टाचण्यांमधून म्हणाली, आणि दिग्दर्शकाच्या बाहीची न उसवलेली शिवण उगाच ओढून बघितली.

घरी नवरा खिडकीशी बसला होता. बराच वेळ दोन्ही गुडघे तळव्यांनी चोळत होता, म्हातारपणी नव्याने ओळख झालेल्या पाहुण्यांकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघत.

"मला काढलं तरी चालेल गं," तो म्हणाला. "कधीतरी काढणारच. पण ते हसणं शेवटचं नको. एकदा नीट उठलो की मग काय करायचं ते करा म्हणावं."

तिने पदर खोचला. गुडघे आपल्या हातात नाहीत, पत्रा आहे, असा तिने सरळ हिशेब केला. जे टोचतं ते काढायचं, जे जड आहे ते हलकं करायचं, हा शिवणाऱ्या बाईचा धर्म. तिने छातीचा, मांड्यांचा, पोटऱ्यांचा, खांद्यांचा सगळा पत्रा काढून ठेवला आणि जाड फोमचे तुकडे कापून, चिकटवून, चंदेरी रंग देऊन हुबेहूब दुसरं चिलखत उभं केलं. बोटांची सालं निघाली. पूर्ण झालं तेव्हा एका हातात उचलून तिने ते दारात नाचवलं, इतकं हलकं.

तालमीत तो गुडघ्यावरून असा उठला की दिग्दर्शकाने टाळी वाजवली. पण टाळी मध्येच विरली. गुडघा टेकताना फोमची छाती वर सरकून त्याच्या हनुवटीला लागली होती, आणि त्याआधी तो चालत आला होता ते दूध आणायला निघाल्यासारखा. राणीबाई स्पष्टच बोलल्या. "रागावू नका, पण हा बातमी घेऊन आलाय असं वाटतच नाही. पार्सल घेऊन आलाय. मला रडू कसं येणार?"

घरी आल्यावर टाचणीबाईचा पारा चढला. "माझी सालं निघाली इथं! उठायचं होतं ना तुम्हाला? उठलात की!"

"उठलो," तो म्हणाला. "पण अगं, मी कुठं नट आहे? मी कधी चाललोच नाही तिथं. ते जड चिलखत चालायचं, मी नुसता आत असायचो. तू तेच काढून घेतलंस."

ती तरातरा स्वयंपाकघरात निघून गेली. भांडण असं अर्ध्यात सुटलं की तिला जास्त लागायचं.

सकाळी तो बाजारात गेलेला असताना ती कंपनीतून उचलून आणलेल्या जुन्या पत्र्यांसमोर बसली. इतकी वर्षं तिने ते बाहेरून बांधलं होतं. आत ती कधी गेली नव्हती. तिने पोटऱ्यांचे पत्रे स्वतःच्या पायांना बांधले, अगदी त्याला बांधायची तसेच. मांड्यांचे बांधले. छाती चढवली, ती तिला गुडघ्यांपर्यंत आल्यासारखी वाटली. मग तिने स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघा टेकला आणि राणीचं भाषण म्हणायला सुरुवात केली. ऐकून ऐकून पाठच होतं. निम्म्यावर पायाला मुंग्या आल्या. भाषण संपता संपता गुडघ्याखाली पाय आहे की नाही तेच कळेना. "ऊठ," तिने स्वतःला सांगितलं. कसली उठतेय!

नवरा पिशवी घेऊन आत आला तेव्हा बायको चिलखतात, फरशीवर, ओट्याला धरून बसलेली. त्याने पिशवी टाकली. "अगं, हे काय?"

"आधी उठवा मला. मग विचारा."

त्याने तिला काखेत हात घालून उठवलं. दोघंही कशीबशी ओट्याला टेकली, आणि मग तिला जे हसू फुटलं ते थांबेना. तोही हसायला लागला, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कारण तिला कळलं होतं. गेली काही वर्षं त्याच्या पोटऱ्या वाळत चालल्या होत्या. पत्रा खाली घसरायला लागला, म्हणून तिने पट्टा वर घेतला होता, गुडघ्याच्या थेट मागे, आणि बोट जाईल इतका आवळला होता. उभ्या माणसाच्या पायावर तो पट्टा बरोबर बसायचा. गुडघा टेकला की तोच पट्टा पायाचा गळा धरायचा. तिने त्याला इतकी वर्षं नेहमी उभ्यानेच बांधलं होतं.

"तुमच्या गुडघ्यांना बोल लावला सगळ्यांनी," ती म्हणाली. "आणि पाय मी बांधून ठेवला होता."

"असू दे," तो म्हणाला, आणि खाली बसून तिच्या पायांचे पट्टे सोडायला लागला. त्याला ते नीट सोडता येत नव्हते. त्याने ते कधी सोडलेच नव्हते. तिने त्याला शिकवलं नाही. तिला त्याची ती धडपड बघायला बरं वाटत होतं.

त्यानंतर मात्र तिने डोकं चालवलं. डोंगर चढायला जाणाऱ्या तिच्या भाचीची एक मोठी पाठपिशवी होती. त्या पिशवीला कमरेपाशी रुंद पट्टा असतो आणि सगळं ओझं त्यावर बसतं, खांद्यांनी फक्त तोल धरायचा, हे भाचीने एकदा कौतुकाने दाखवलं होतं. टाचणीबाईने नवऱ्याला बनियनवर उभं केलं, त्याच्या कमरेची हाडं बोटांनी चाचपली आणि तिथे खडूने खूण केली. गुदगुल्या झाल्या म्हणून त्याने उडी मारली तेव्हा एक चापट खाल्ली. कापूस भरून, आडवे-उभे टाके घालून तिने एक जाड बंडी शिवली आणि तिच्या कमरेला चामड्याचा रुंद पट्टा जोडला. छातीचा पत्रा त्या पट्ट्यावर टेकेल अशा दोन आकड्या लावल्या. मांड्यांचे पत्रे मांडीला आवळण्याऐवजी पट्ट्यालाच टांगले. गुडघ्यामागचा पट्टा काढून पोटरीवर खाली रबरी पट्टी दिली, बुटाला अडकवली, आणि गुडघ्यावरच्या पत्र्यात स्पंज बसवला. पत्रा सगळा परत आला, पण वजन आता खांद्यांना आणि पायांना न सतावता कमरेवर निवांत बसलं. आणि या वेळी प्रत्येक पट्टा तिने त्याला गुडघ्यावर बसवून आवळला.

मग घरात सराव सुरू झाला. तो चिलखतात चहा प्यायचा, चिलखतात वर्तमानपत्र वाचायचा. एकदा गॅसवाला दारात आला आणि समोर हातात कपबशी घेतलेला शिपाई बघून सिलेंडर तिथेच सोडून दोन पायऱ्या खाली उतरला. "या, या," नवरा म्हणाला, "घरातलाच आहे मी." रोज संध्याकाळी ती खुर्चीत बसून राणीचं भाषण म्हणायची, हातात निवडायची भाजी, आणि तो तिच्यासमोर गुडघा टेकायचा. पहिल्या दिवशी उठताना त्याला खुर्चीचा हात धरावा लागला. पुढे नुसतं स्वतःच्या मांडीवर हात ठेवून जमायला लागलं. तालमीतही जमलं. पण तालमीत प्रेक्षक नसतात, हे दोघांनाही ठाऊक होतं.

प्रयोगाच्या दिवशी दुपारपासूनच तिच्या तोंडात टाचण्या नव्हत्या. शिवायचं काही उरलंच नव्हतं. तिने त्याला चढवलं, दोन घोट पाणी दिलं, शिरस्त्राण घातलं. आज नळाची किंवा तिच्या भावाची गोष्ट निघाली नाही. तिसऱ्या अंकाला ती विंगेत जाऊन उभी राहिली.

तो आला. पत्र्याचा तो जड, सावकाश आवाज आला आणि तिच्या अंगावर काटा आला. खरंच कुणीतरी वाईट बातमी घेऊन येत होतं. त्याने गुडघा टेकला, तलवार ठेवली. राणी बोलू लागली. टाचणीबाईने आजवर ते भाषण शेकडो वेळा ऐकलं असेल, पण आज तिला ते संपूच नये असंही वाटत होतं आणि आत्ताच्या आत्ता संपावं असंही. शिरस्त्राणाखाली त्याचा चेहरा दिसत नव्हता. तिच्या सुया, तिचे टाके, तिचे पट्टे सगळे तिथे होते, आणि आता तिला काही करता येण्यासारखं नव्हतं. तिचे ओठ मात्र राणीबरोबर भाषण म्हणत होते.

"ऊठ," राणी म्हणाली.

क्षणभर काही झालं नाही. मग त्याने तळवा मांडीवर ठेवला, कंबर पुढे घेतली, आणि तो उठला. सावकाश उठला, जसा कुणीही अशा वेळी उठेल. तो मागे पावलं टाकत निघाला आणि प्रेक्षकांतून कुठेतरी नाक ओढल्याचा आवाज आला. सगळे राणीकडे बघत होते. एक म्हातारा चिलखतासकट उभा राहिला, हे त्या भरल्या सभागृहात एकाच्याही लक्षात आलं नाही. हेच तर हवं होतं! टाचणीबाई मात्र तोंडावर पदर दाबून रडत होती.

तो विंगेत आला. शिरस्त्राणातून दबक्या आवाजात विचारलं, "कुणी हसलं का गं?"

"नाही हो. कुणी बघितलंसुद्धा नाही तुमच्याकडे."

त्याने मोठा श्वास सोडला. तिने शिरस्त्राण काढलं. तो घामाने निथळत होता आणि लग्नाच्या दिवशी हसला होता तसा हसत होता. मग ती खांद्याच्या बकलांकडे वळली. हजारदा सोडलेलं बक्कल, पण आज तिचे डोळे असे भरले होते की बकलाची जीभच दिसेना. तिने पुन्हा ओढून बघितलं, पुन्हा निसटलं.

त्याने आपला हात तिच्या हातावर अलगद ठेवला.

"सावकाश कर," तो म्हणाला. "मी उभा आहे."