नलूताईंच्या घरातला मोडेम

नलूताई स्वतःच्या नवऱ्याच्या खोलीतही टकटक केल्याशिवाय जात नसत. आत भाऊकाका पक्षाघाताने पलंगावर. वाचा गेलेली, फक्त डावा हात हलता. ते ‘ये’ म्हणणार कसे? तरी बाई दारात थांबत आणि काकांचा हात उचलला गेला की मगच आत पाऊल टाकत. सगळी नोकरी मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून गेलेली. “पोरीच्या खोलीत न विचारता शिरलं, की ती खोली तिची उरत नाही,” असं त्या म्हणत.

नाशिकला कॉलेज रोडच्या मागे आमची इमारत. त्या दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. मी विम्याच्या कचेरीत कारकून. पण नव्वदीच्या दशकात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन संगणकाचं प्रमाणपत्र मिळवलं होतं आणि ते फ्रेम करून दिवाणखान्यात टांगलं होतं. तेवढ्या भांडवलावर मी इमारतीचा तज्ज्ञ झालो. कुणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या तरी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन निघे. मुंग्या जात नसत, पण चहा मिळे.

पुढे ब्रॉडबँड आलं. नलूताईंची मुलगी केतकी जर्मनीत. कंपनीने बसवलेल्या मोडेमच्या सेटिंगमध्ये शिरून मी काहीबाही केलं आणि काकांच्या पलंगासमोर लावलेल्या कॅमेऱ्याचं चित्र तिला तिकडे दिसू लागलं. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. नलूताई रिसीव्हर काकांच्या कानाला धरायच्या, ती बोलायची, आणि काका हात हलवून जे उत्तर द्यायचे ते तिला कॅमेऱ्यातून दिसायचं. बापलेकीचं बोलणं ते एवढंच.

“या मोडेमची किल्ली, म्हणजे पासवर्ड, आता आपल्या हातात,” मी ऐटीत सांगितलं होतं.

एका सकाळी चित्र बंद. मी तासभर खटपट केली, तर चित्र आलं नाहीच, चालू असलेलं इंटरनेटही गेलं. शेवटी नलूताईंनीच कंपनीला फोन लावला. तिकडचा मुलगा म्हणाला, “मॅडम, मोडेमचं फर्मवेअर अपडेट झालंय, आमच्याकडून. जुनं सेटिंग त्यात पुसलं जातं.”

“फर्मवेअर म्हणजे?” त्यांनी मला विचारलं.

“मोडेमच्या आतला प्रोग्राम. तो कसा वागणार, ते त्यावर ठरतं.”

“आणि तो हे लोक तिथे बसून बदलतात?” त्या पुन्हा फोनवर वळल्या. “मला विचारलं होतंत का?”

“मॅडम, ते आपोआप होतं.”

“आपोआप फक्त केस पांढरे होतात. बाकी सगळं कुणीतरी करतं.”

दुसऱ्या दिवशी मोडेम कापडी पिशवीत घालून त्या कंपनीच्या कचेरीत गेल्या. मागे मी, तज्ज्ञ म्हणून. साहेब सभ्य होता. तो म्हणाला, “सेटिंग परत करून देतो. पण पुढचं अपडेट आलं की पुन्हा असंच होईल. मुख्य पासवर्ड आमच्याकडेच असतो.”

“पण याच्याकडे आहे ना पासवर्ड!” नलूताई माझ्याकडे बघून म्हणाल्या.

साहेब हसला. “तो वरवरचा. सगळ्यांनाच देतो.”

मी भिंतीवरचं कॅलेंडर फार लक्ष देऊन वाचू लागलो.

“माझा नवरा बोलू शकत नाही,” नलूताई साहेबाला शांतपणे म्हणाल्या. “तुम्ही न विचारता आमचं बोलणं बंद केलंत. हा मोडेम ठेवा तुमच्याकडे. मी माझा घेते.”

त्याच दुपारी एम. जी. रोडवरून त्यांनी स्वतःचा मोडेम घेतला. संध्याकाळी काकांचा हात केतकीला दिसला आणि फोनवर ती रडली. आता कंपनीला आत शिरता येणार नव्हतं. अपडेट करायचं तर ते आमच्या, म्हणजे माझ्या हाती होतं. तज्ज्ञाचे हात शिवशिवायला एवढं पुरे. महिन्याभरात नवं फर्मवेअर आल्याचं मी शोधून काढलं.

“आत्ता नीट चाललंय ना?” नलूताईंनी विचारलं.

“हो, पण आणखी नीट चालेल.”

“लोडशेडिंगचं बघितलंस?”

“संगणकाला यूपीएस आहे,” मी छाती काढून म्हणालो.

“मग कर.”

अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली. संगणक यूपीएसवर डौलात चालू राहिला. मोडेम मात्र मी भिंतीतल्या साध्या प्लगला लावला होता. वीज आली, पण आतला प्रोग्राम अर्धवट राहिल्यामुळे त्याचा एकही दिवा पुन्हा लागला नाही.

मी मान खाली घालून उभा. नलूताईंनी मोडेम काढून कापडी पिशवीत घातला. मग म्हणाल्या, “कंपनीने न विचारता बिघडवला, तू विचारून बिघडवलास. माझीच पंचाईत केलीस. आता तुझ्याशी भांडताही येत नाही.”

दुकानदाराने मोडेम दुरुस्त करून देईपर्यंत रोज संध्याकाळी काकांचा हात कसा हलला, ते त्या केतकीला फोनवर सांगत राहिल्या.

पुढच्या हिवाळ्यात काका गेले. केतकी आली आणि आईला कायमची जर्मनीला घेऊन निघाली. सामान गाडीत चढलं. मी नमस्काराला वाकलो, तशा त्या हळूच म्हणाल्या, “विनायक, खरं सांग. तुला त्यातलं कळायचं का रे काही?”

“अर्धंमुर्धं,” मी म्हणालो.

“मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “पण हाक मारली की जिना उतरून येणारा तू एकटाच होतास.”